पाहुणा संघ

ताराचंद लांजेवारनं आयुष्यात एकदाही फुटबॉलला लाथ मारलेली नव्हती. लहानपणी बंडीचं चाक डाव्या पायावरून गेलं, तेव्हापासून तो पाय जरा आत वळलेला होता. पण पिंपळटोलीचा संघ कुठंही खेळायला गेला की रेषेच्या कडेला ताराचंद उभा असायचाच, आणि त्याचा आवाज असा की समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू सोडून त्याच्याकडे बघायचा. संघातली पोरं म्हणायची, आपण अकरा नाही, बारा जण खेळतो. ताराचंदला हे ऐकून फार बरं वाटायचं. धान, म्हशी आणि बायको उषाबाई यांच्यानंतर त्याच्या आयुष्यात फुटबॉलशिवाय दुसरं काही नव्हतं. उषाबाईला विचारलं तर ती म्हणायची, हा क्रमही खोटा आहे, फुटबॉल पहिला.

पिंपळटोली वैनगंगेच्या अलीकडे, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात. खैरघाट पलीकडे, गोंदिया जिल्ह्यात. दोन्ही गावांत फुटबॉल कुणी आणला हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण दरवर्षी पाडव्याच्या आधी दोघांचा सामना होतो आणि जिंकणारं गाव भंडाऱ्याची पितळी घागर वर्षभर आपल्या ग्रामपंचायतीत ठेवतं. एक वर्ष सामना इकडे, एक वर्ष तिकडे.

दोन हजार एकोणीस साली सामना पिंपळटोलीत होता. गोल एकही झालेला नव्हता, आणि मध्यंतरानंतर रानडुकरांचा कळप मैदानात शिरला. खेळाडू झाडावर, पंच शाळेच्या छतावर. सामना तिथंच थांबला. पिंपळटोलीचं म्हणणं पडलं की आमची पाळी झाली, आता खैरघाटची. खैरघाटचं म्हणणं पडलं की डुकरांनी मोडलेला सामना हा सामनाच नव्हे, पिंपळटोलीची पाळी अजून बाकी आहे. दोन्ही गावं इतकी ठाम होती की एकमेकांना विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

पुढच्या वर्षी सामना मार्चच्या तेवीस तारखेला, सोमवारी ठरला. तोपर्यंत करोनाच्या बातम्या यायला लागल्या होत्या. रविवारी कुणी घराबाहेर पडायचं नाही असं फर्मान निघालं. म्हणून ताराचंदनं सल्ला दिला, "पोट्टेहो, शनवारीच निघा. रविवार तिकडंच काढा, आराम होईन." संघ शनिवारी दुपारी डोंग्यात बसून नदी पार झाला. ताराचंद सोमवारी पहाटे जाणार होता, कारण म्हैस व्यायला आली होती.

त्याच संध्याकाळी पिंपळटोलीच्या चौकात एक पिकअप येऊन थांबली. मागून हिरव्या जर्सी घातलेली बारा पोरं उतरली. सगळ्यात आधी उतरला तो चंद्रकुमार, खैरघाटचा गोलकीपर. लांब हातांचा, शांत चेहऱ्याचा. तीन वर्षांपूर्वी यानंच शेवटची पेनल्टी अडवून घागर नेली होती, आणि तेव्हापासून ताराचंद त्याचं नाव घेत नसे. 'तो लंब्या' म्हणायचा.

पिकअपवाला त्यांना उतरवून लगेच निघून गेला. त्याला नागपुरात भाजी पोचवायची होती.

"काका, राम राम," चंद्रकुमार म्हणाला. "तुमचे पोट्टे कुठं हायेत?"

"तुमच्या गावाले गेले."

"आमच्या गावाले? कायले?"

"मॅच खेळाले. आन तुमी इथं काहून आले?"

"मॅच खेळाले."

मग ताराचंदनं धनंजयला फोन लावला. धनंजय हा पिंपळटोलीचा कप्तान, ट्रॅक्टर चालवणारा तगडा गडी. तो तिकडून ओरडतच होता, "काका, इथं कोणीच नाही! इथले पोट्टे पळून गेले वाटते आपल्याले भिऊन!"

"पळाले नाही बाबू," ताराचंद म्हणाला. "माह्यासमोर उभे हायेत."

सोमवारी पाहू, असं दोन्ही गावांनी ठरवलं. सोमवारी जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या. पुलावर पोलीस बसले, डोंगे काठावर ओढून साखळीनं बांधले गेले. सरपंच भय्याजींनी गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. बाहेरचा कुणी आत येऊ नये म्हणून हा बंदोबस्त होता, पण बाहेरचे बारा जण आधीच आत होते. आता त्यांना बाहेर जायचीही सोय राहिली नाही.

गावच्या आशा सेविका गोदावरीबाई यांनी सूत्रं हातात घेतली. सरळ, कामाची बाई, उगाच हसणार नाही. त्यांनी खैरघाटच्या पोरांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं, दाराला दोरी बांधली आणि भय्याजींना सांगितलं, "चौदा दिवस कोणी आत जायचं नाही. जेवण दारात ठेवायचं आन मांगं सरकायचं."

"पण जेवण देईन कोण?" भय्याजी म्हणाले. "बारा पोट्टे हायेत. आन तेबी खैरघाटचे."

"मी देतो," ताराचंद म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ज्या माणसानं खैरघाटच्या पाहुण्याला कधी पाण्याचा पेला दिला नव्हता, तो आता पूर्ण संघाला जेवू घालायला निघाला होता. घरी उषाबाईनं विचारलंच, "अजी, तब्येत बरी हाये ना तुमची?"

ताराचंदनं दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं. ही बंदी काही दिवसांची. मग सामना होणारच. तोवर या पोट्ट्यांना भात, खीर, वडे, पातोडी इतकं खाऊ घालायचं की धावता आलं नाही पाहिजे. लंब्याला तर वाकताही आलं नाही पाहिजे.

"तांदूळ घरचाच हाये," उषाबाई म्हणाली. "पण पातोडी मी रोज नाही करणार, सांगून ठेवतो."

तिनं रोज केली. आळीतल्या बायाही मदतीला आल्या. लाखोळीच्या डाळीचे वडे, तळ्यातले झिंगे, तांदळाची खीर. ताराचंद डोक्यावर जेवणाचा पितळी गंज घेऊन लंगडत शाळेच्या दारात जायचा, ठेवायचा, दहा पावलं मागं सरकून कडुनिंबाखाली बसायचा आणि पोरं किती खातात ते मोठ्या समाधानानं बघायचा. कुणी हात आखडला की ओरडायचा, "काहून बे, आवडलं नाही का? अजून घे!" आवाज तोच, मैदानावरचा. पोरं घाबरून आणखी घ्यायची.

चंद्रकुमार मात्र जेवण झालं की गंज स्वतः घासून उन्हात पालथा घालायचा आणि दुरूनच हात जोडायचा. "काका, माय गेल्यापासून असं जेवण नाही भेटलं," तो एकदा म्हणाला.

ताराचंदनं ते ऐकलं नसल्यासारखं केलं. घरी जाऊन उषाबाईला सांगितलं मात्र, आणि दुसऱ्या दिवशी तिनं गंजावर एक वेगळी वाटी ठेवली. त्यात साजूक तूप होतं.

आठवड्यानं धनंजयचा फोन आला. आवाज सुस्त होता. "काका, काय सांगू, लय सेवा करून राहिले इथं. सकाळी पोहे, दुपारी पातोडी, सांजीले खीर. ते सोमाजी काका सोता आणून देतेत. उठून बसाले होत नाही पहा."

ताराचंदच्या पायाखालची जमीन सरकली. सोमाजी म्हणजे खैरघाटचा ताराचंद. तितकाच म्हातारा होत आलेला, तितकाच मोठा आवाज. दोघं वीस वर्षं मैदानाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडत आले होते, पण कधी बोलले नव्हते. ताराचंदनं धनंजयकडून नंबर घेतला.

"सोमाजी, मी ताराचंद लांजेवार बोलून राहिलो."

"बोल."

"तू आमच्या पोट्ट्यांले कायले येवढं खाऊ घालून राहिला?"

"तू कायले घालून राहिला?"

दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पूर्ण समजलं. पुढची बोलणी तीन दिवस चालली. शेवटी ठरलं ते असं: दोन्हीकडे खीर बंद. भात एकदाच. आणि रोज सकाळी व संध्याकाळी पाहुण्या संघाला मैदानाभोवती पळवायचं, ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. ताराचंदनं खैरघाटला पळवलं तरच सोमाजी पिंपळटोलीला पळवणार होता.

चौदा दिवस झाल्यावर गोदावरीबाईंनी मैदानापुरती दोरी सोडली. आणि मग गावानं एक विचित्र दृश्य पाहिलं. ताराचंद रेषेच्या कडेला उभा राहून खैरघाटच्या पोरांवर ओरडत होता, "पाय उचल! कंबर वाकव! अबे लंब्या, झोपला का?" त्यांनी चांगलं धावावं म्हणून तो घसा फोडत होता, कारण तिकडे नदीपलीकडे आपली पोरं धावावीत असं त्याला वाटत होतं.

टीव्हीवर जुन्याच मॅच दाखवत होते. कुठंही काही खेळलं जात नव्हतं. सगळ्या तालुक्यात चालू असलेला फुटबॉल एवढाच. लोक संध्याकाळी मैदानालगतच्या तळ्याच्या पाळीवर, उंच बांधावर येऊन बसायला लागले, एकमेकांपासून हात-हात सोडून, तोंडाला गमछे बांधून. आधी चुपचाप बसायचे. मग नावं कळली. मग कुणाचा डावा पाय चांगला, कुणाला दम लागतो हे कळलं. चंद्रकुमारनं बाजूला झेपावून चेंडू अडवला की पाळीवरून टाळी यायला लागली. बायांचीसुद्धा.

"काय टाळ्या वाजवता?" ताराचंद पाळीकडे वळून ओरडला. "खैरघाटचा हाये तो!"

"असन," भय्याजी वरून म्हणाले. "पण उडी पाह ना बाप्पा त्याची!"

ताराचंदच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी मोठं नुकसान होत आहे, पण नेमकं काय, ते त्याला सांगता येईना. त्यानं सोमाजीला फोन लावला.

"इकडंबी तेच हाये," सोमाजी म्हणाला. त्याचा आवाज पडलेला होता. "तुह्या धनंजयच्या नावाचा नारा लावते आमचं गाव. मी बोललो त मलेच चूप करते."

बंदी वाढत गेली. हनुमान जयंती गेली, अक्षय तृतीया गेली. सामन्याची तारीख पुढं जाऊन जाऊन शेवटी उरलीच नाही. ताराचंद रोज दुपारी गोदावरीबाईंच्या ओट्यासमोर दूर उभा राहून विचारायचा, ताई, मॅच कधी होईन? जिल्ह्याहून काही आलं का? त्या बिचाऱ्या गावभर ताप मोजत फिरायच्या, पायाला फोड आले होते. एके दिवशी त्या कावल्या.

"भाऊ, मले काय विचारता? ते तिकडं, तुमी इकडं. फोनवर खेळा ना मंग!"

ताराचंद लंगडत, पण जवळजवळ धावत घरी गेला.

फोनवर पूर्ण सामना खेळता येणार नव्हता, हे त्याला आणि सोमाजीला लगेच पटलं. पण पेनल्टी खेळता येत होत्या. मारणारा आपल्या जागी रिकाम्या गोलात मारेल. त्याच वेळी नदीपलीकडे समोरचा गोलकीपर चेंडू नसताना उडी मारेल. दोघांची बाजू एक निघाली तर अडवला, वेगळी निघाली तर गोल. चेंडू बाहेर गेला तर बाहेर. दोन्हीकडे एकेक पंच, दोघांच्या कानाला फोन. इकडे गोदावरीबाई. त्यांनी आधी साफ नाही म्हटलं, पण मैदानावर जायची परवानगी त्यांनाच होती, आणि लोक पाळीवर गर्दी करतील त्यापेक्षा आपण मध्ये उभं राहिलेलं बरं, असं त्यांनी शेवटी ठरवलं. तिकडे शाळेचे मास्तर.

बाजू कशी सांगायची यावर दोन दिवस भांडण झालं. डावी म्हणजे मारणाऱ्याची डावी की गोलकीपरची? तळ्याकडची म्हणावं तर खैरघाटच्या मैदानाजवळ तळं नाही. पूर्वेकडची म्हणावं तर दोन्ही गोल वेगवेगळ्या दिशेला तोंड करून. अखेर गोलकीपरचा जेवायचा हात आणि दुसरा हात, असं ठरलं. ते सगळ्यांना समजलं.

सामन्याच्या दिवशी पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गोदावरीबाईंनी चुन्यानं रिंगणं आखून दिली होती आणि प्रत्येकाला आपल्या रिंगणात बसवलं होतं. फोनला रेंज फक्त पाळीच्या टोकावर यायची, म्हणून त्या तिथं उभ्या होत्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातात शिट्टी. खाली मैदानात चंद्रकुमार दोन बांबूंच्या मध्ये उभा होता. त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. तो हातमोज्यांवर थुंकला, गुडघ्यात वाकला आणि त्या मोकळ्या जागेकडे इतक्या एकाग्रतेनं बघायला लागला की पाळीवरचे लोकही तिथं कुणीतरी आहे असं समजून बघू लागले.

पहिली शिट्टी झाली. चंद्रकुमार जेवायच्या हाताकडे झेपावला, धुळीत पडला आणि लगेच वर बघायला लागला. सगळं गाव गोदावरीबाईंकडे बघत होतं. त्या फोन कानाला घट्ट लावून उभ्या होत्या.

"काय झालं, ताई?"

"आवाज कटून राहिला... हं... मास्तर, पुन्हा सांगा... दुसऱ्या हाताकडं मारला म्हणे. गोल."

पाळीवरून एक मोठा सुस्कारा आला. ताराचंदनं वर पाहिलं. गोल आपला झाला होता.

मग खैरघाटच्या पोरानं इकडे रिकाम्या गोलात चेंडू मारला. तो सहज आत गेला, साहजिकच होतं. तरी पाळीवर लोक उभे राहिले. तिकडे पिंपळटोलीच्या गोलकीपरनं चुकीकडे उडी मारल्याचं कळलं आणि टाळ्या पडल्या. अशा चार-चार फेऱ्या झाल्या. एकेक अडवला गेला, खैरघाटच्या पोराचा एक चेंडू बाहेर बाभळीत गेला, एकदा फोन बंद पडला आणि चंद्रकुमारला तीच उडी पुन्हा मारावी लागली. त्यानं कुरकुर केली नाही. पिंपळटोलीच्या बाया त्याला वरून सांगत होत्या, "डरू नको बाबू! आमी हाओत!"

पिंपळटोलीची पाचवी आणि शेवटची पेनल्टी धनंजयची होती. घातली तर घागर पिंपळटोलीची. ताराचंद रेषेवर एकटा उभा होता. त्यानं तोंडावरचा गमछा खाली केला आणि नदीच्या दिशेनं तोंड करून पूर्ण ताकदीनं ओरडला, "मार, धनंजय!" मधलं अंतर सहा कोस होतं.

शिट्टी झाली. चंद्रकुमारनं उडी मारली. तशी उडी पिंपळटोलीत कुणी कधी पाहिली नव्हती. तो जेवायच्या हाताच्या बाजूला आडवा, जमिनीला समांतर गेला, बोटं बांबूच्या अगदी कोपऱ्यापर्यंत पोचली, आणि मग तो खाली आला तो पायावर वेडावाकडा. पण गावाला ते दिसलंच नाही. पाळीवर सगळे उभे राहून नाचत होते, चुन्याची रिंगणं विसरून. अशा उडीतून चेंडू निसटणं शक्यच नव्हतं.

गोदावरीबाईंनी फोन खाली घेतला. "दुसऱ्या हाताकडं मारला," त्या म्हणाल्या. "गोल हाये. आपण जिंकलो."

पाळीवरचं नाचणं थांबलं. एक म्हातारी "अरेरे" म्हणाली. एकटा ताराचंद हवेत हात उडवत, आत वळलेल्या पायावर उड्या मारत होता. "जिंकलो! अबे जिंकलो ना!" तो पाळीकडे बघून ओरडला. लोक त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो कुणाच्या मयतीत नाचत आहे.

उषाबाई पाळीवरून उतरून आली आणि त्याच्याजवळून सरळ पुढं गेली. "काही शरम हाये का तुमाले?" ती जाता जाता म्हणाली. "पोट्ट्याचा पाय मोडला तिकडं."

संध्याकाळी सोमाजीचा फोन आला. "ताराचंद, आमच्या गावानं फटाके फोडले," तो म्हणाला. "आमी हारलो म्हणून नाही. धनंजय जिंकला म्हणून. त्याले खाटेवर बसवून दोऱ्यांनी ओढत नेलं, हात न लावता. मी घरात दार लावून बसलो."

"इकडं कोणी चहा नाही पाजला मले," ताराचंद म्हणाला.



मे महिन्यात पास मिळाला. बारा खेळाडू इकडून जातील, बारा तिकडून येतील, पुलाच्या मध्यभागी अदलाबदल होईल. सगळं ठरलं आणि मग लक्षात आलं की चंद्रकुमार जाऊ शकत नाही. पायाला प्लास्टर होतं, डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तो आता शाळेतून ताराचंदच्याच पडवीत आला होता. उषाबाईनं कुणाला विचारलं नव्हतं.

ताराचंदनं उरलेल्या अकरा जणांना ट्रॉलीत बसवलं आणि ट्रॅक्टर पुलावर नेला. जाताना रस्त्यात पिंपळटोलीचे लोक उभे राहून पोरांना निरोप देत होते. कुणी तांदळाची थैली दिली, कुणी रडत होतं. ताराचंदनं वळून पाहिलं नाही. त्याच्या खिशात धनंजयसाठी आणलेला झेंडूचा हार होता.

पुलाच्या मध्यावर पोलीस जमादार कागद घेऊन खुर्चीवर बसले होते. पलीकडून आपली बारा पोरं येताना दिसली. दोन महिन्यांनी. ताराचंदला गहिवरून आलं. जमादारांनी हिरव्या जर्सी मोजल्या.

"अकरा? कागदावर बारा लिवले हायेत."

"एकाचा पाय मोडला, साहेब."

"मंग तिकडूनबी अकराच येतीन. जितके जातीन तितके येतीन. तिकडच्या जिल्ह्याले मी काय हिशोब देऊ?"

ताराचंदनं समजावलं, हात जोडले. जमादार तसे वाईट नव्हते, पण कागदावर बारा होते आणि उन्हात बसून त्यांचं डोकं तापलं होतं. तेव्हा धनंजय पुढं आला. दोन महिन्यांत चांगला भरला होता तो. "काका, मी राहतो मांगं," तो म्हणाला. "तुमी पोट्ट्यांले घेऊन जा. मले तिकडं काही तकलीफ नाही."

काही तकलीफ नाही, हे ताराचंदनं नीट ऐकलं. हा आता गेला तर परत येणार नाही, असं त्याला स्वच्छ दिसलं. पुढच्या वर्षी हा हिरव्या जर्सीत उभा असेल. त्यानं ट्रॉलीतली चंद्रकुमारची पिशवी उघडली. घरी पाठवायला दिलेली होती. त्यातली एक नंबरची जर्सी काढून त्यानं सदऱ्यावरूनच अंगात घातली. हात बाह्यांत बुडून गेले.

"बारावा मी हावो," तो म्हणाला.

जमादारांनी त्याला खालून वर पाहिलं. "गोलकीपर?"

"हव."

"वय पंचवीस लिवलं हाये इथं."

ताराचंदनं मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला. पांढऱ्या मिशा त्याखाली गेल्या. "पंचवीस," तो म्हणाला.

जमादारांनी नदीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

जाता जाता ताराचंदनं झेंडूचा हार धनंजयच्या गळ्यात टाकला. "ट्रॅक्टरचा तिसरा गेर अटकते," तो म्हणाला. "जोर नको लावू. आन तुह्या काकूले सांग."

खैरघाटला पोचल्यावर गावातल्या पोरांना त्यांच्या त्यांच्या घरी ठेवलं. बाहेरचा माणूस एकच होता. त्याला शाळेत नेऊन एका वर्गात ठेवलं आणि चौदा दिवस सांगितले. खिडकीला गज होते. ताराचंद बाकावर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपण काय करून बसलो ते नीट कळलं. तो आता शत्रूच्या गावात, शत्रूची जर्सी घालून बसला होता.

थोड्या वेळानं बाहेर डफरी वाजायला लागली. तो दचकून उठला. गावचे लोक शाळेच्या अंगणात जमले होते, दूर दूर उभे. एका बांबूच्या टोकाला हार बांधला होता. तो बांबू गजांतून आत आला आणि त्याच्या गळ्याजवळ थांबला.

"घ्या ना भाऊ," कुणीतरी म्हणालं. "आमाले जिंकणाऱ्या गावाचा सत्कार कराचा होता. पोट्टे गेले ना निघून. तुमीच हाये आता पिंपळटोलीचे."

ताराचंदनं मान वाकवून हार घेतला. मग मिरवणूक निघाली. तो आत होता म्हणून ती शाळेभोवतीच फिरली. डफरी एका खिडकीतून जवळ यायची आणि दुसऱ्या खिडकीतून दूर जायची. तो एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जात हात जोडत राहिला. गुलाल आत उडत होता. पिंपळटोली जिंकली होती, आणि ते ऐकायला, नाचायला, डोळे पुसायला शेवटी माणसं सापडली होती. ताराचंद रडला. त्याची त्याला लाज वाटली नाही.

"दोन शबुद बोला भाऊ," लोक म्हणाले.

तो गजांना धरून उभा राहिला. "धनंजयनं मारलेला गोल," तो म्हणाला, "हा माह्या जिंदगीतला सगळ्यात सुंदर गोल हाये. मी पाहला नाही, पण हाये."

"गोल नोहोताच तो!"

आवाज अंगणाच्या पार टोकाकडून, चिंचेखालून आला. तिथं एक म्हातारा सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. तो वळला. सोमाजी होता. "फोन लेट होता तुमचा! चंद्रकुमारनं उडी मारल्यावर धनंजयनं मारला! मी तिथं होतो, माह्या डोळ्यानं पाहलं!"

"लेट तुमचा मास्तर होता!" ताराचंद ओरडला.

"तुमची बाई होती!"

"आमच्या बाईले काही म्हणू नको, सोमाजी! सांगून ठेवतो!"

सोमाजी अंगण पार करून खिडकीपर्यंत आला. लोकांनी त्याला मागं ओढायचा प्रयत्न केला, पण हात लावायची बंदी होती, म्हणून सगळ्यांनी नुसत्या हाका मारल्या. दोघं गजांच्या दोन बाजूंना उभे राहून भांडायला लागले. डुकरांचा सामना आला, तीन वर्षांपूर्वीची पेनल्टी आली, त्याच्याही आधीचा एक ऑफसाइड आला, जो पाहणारे इतर सगळे मरून गेले होते. दोघांचेही चेहरे लाल झाले होते आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच दोघंही सुखात दिसत होते. डफरीवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो घरी गेला. मग बाकीचेही गेले.

सकाळी खैरघाटची आशाताई ताप मोजायला आली. ललिताबाई नाव तिचं. ताराचंदला ताप नव्हता, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घसा पार बसला होता.

"हे लक्षण हाये," ती म्हणाली, आणि त्याचे दिवस वाढवले. मग तिनं चौकशी केली की काल याच्या जवळ कोण आलं होतं. दुपारी सोमाजीला घरून आणलं. त्याचाही घसा बसलेला होता. त्याला बाजूच्या वर्गात ठेवलं.

दोन्ही वर्गांच्या मध्ये एक लाकडी दार होतं, शाळेत कधीच न उघडलेलं. संध्याकाळी उषाबाईचा फोन आला. चंद्रकुमार बरा आहे, म्हशीचं पारडू छान आहे, धनंजयनं फोन करून तुमची चौकशी केली, असं सगळं तिनं सांगितलं. मग विचारलं, "तुमी काहून बोलून नाही राहिले? एकटे हाये का तिकडं?"

ताराचंदनं फोन दाराजवळ नेला. पलीकडून कुणीतरी बसलेल्या घशानं, दर शब्दाला थांबत सांगत होतं की चेंडू बाहेर होता.

ताराचंदनं दारावर जोरात थाप मारली. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं नाही असं सांगायला आणखी दोनदा मारली.

"हं," उषाबाई म्हणाली. "मंग ठीक हाये." आणि तिनं फोन ठेवला.